पुलापाशी थांबा

रविवार, ९ फेब्रुवारी

आज पंचावन्न मिनिटं हवेत. वारा पश्चिमेचा, हलका. उतरताना चाकं इतकी अलगद टेकली की मलाच कळलं नाही. उड्डाणाच्या नोंदवहीत शेऱ्यासाठी दोन बोटं जागा असते, तिथे असलं काही मावत नाही. म्हणून ही वेगळी वही. वखारीतली मापांची जुनी वही आहे, पहिली चाळीस पानं लोकांच्या दरवाजे-खिडक्यांनी भरलेली. उरलेल्या पानांवर मी.

खरं कारण लिहायचं तर हल्ली बोलायला कोणी नाही. वखार पुतण्याच्या हवाली करून दीड वर्ष झालं. पस्तीस वर्षं रंधा मशीन आणि गोल करवतीच्या गोंगाटात ओरडून बोललो, तेव्हा घरी आल्यावर शांतता बरी वाटायची. आता शांतता सकाळी दात घासतानाच सुरू होते. ही आठवड्यातले चार दिवस वाचनालयात कामाला जाते. तिथे कुजबुजायची सवय लागली आहे, घरीही तसंच बोलते. ओठ हलतात आणि शब्द वाटेतच कुठेतरी गळून पडतात. पूर्वी मी दोनदा-तीनदा ‘काय?’ विचारायचो. मग तिच्या कपाळावर आठी यायची आणि ती म्हणायची, ‘काही नाही.’ दोन वर्षांपूर्वी कधीतरी ती एकदम मिटूनच गेली. काय बिनसलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. मीही विचारलं नाही. या वयात कोणी कोणाचा रुसवा काढायचा?

वर गेलं की हे सगळं संपतं. बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं तेव्हा सगळे हसले होते. विमान दोन आसनांचं, चौघांत मिळून घेतलेलं. पण बहुतेक शनिवार-रविवार मीच नेतो. शेजारचं आसन रिकामं असतं, आणि तिथे ते रिकामं असलं तरी चालतं. खाली माणसं असून एकटं वाटतं, वर कोणी नसून वाटत नाही. हे मी कोणाला बोलून दाखवणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लेकीचा फोन. थोडा वेळ नातीला दिला. चार वर्षांची आहे. तिने चिमणीसारखी काहीतरी चिवचिव केली. मी म्हटलं, ‘हो हो!’ पुन्हा चिवचिव. पुन्हा म्हटलं, ‘हो हो, राणी.’ मग एकदम सामसूम. लेकीने फोन घेतला आणि तुटक काहीतरी बोलली, त्यातलं ‘आईला द्या’ एवढंच धड कळलं. पूर्वीचे फोन किती खणखणीत होते. आताची यंत्रं दिसायला सुंदर आणि आत भुसा.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ टीव्हीच्या आवाजाबद्दल सांगायला आले. फार नाजूक कानांचा माणूस.

शनिवार, १५ फेब्रुवारी

 आज अक्षर वाकडंतिकडं येतंय.

आमच्या धावपट्टीपासून उत्तरेला वीस मिनिटांवर मोठा विमानतळ आहे. त्याच्या भोवतालचं आकाश त्यांचं, परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. नदीवरचा रेल्वेचा पूल ही आमची हद्द. पूल यायच्या आधी त्यांच्या कंट्रोलरला रेडिओवर सांगायचं. तो दुसरी फ्रिक्वेन्सी देतो, रेडिओचा काटा तिकडे फिरवायचा, आणि तिथून ‘या’ म्हणाले की पुढे जायचं. नाहीतर पुलापाशी घिरट्या घालत बसायचं. नऊ वर्षांत मी हे शंभरदा केलं असेल.

आज एक मुलगी होती. आवाज कोवळा, पातळ. ती म्हणाली, ‘एकशे चोवीस दशांश आठ, पुलापाशी,’ आणि पुढचं खरखरीत गेलं. नियमाप्रमाणे मी परत म्हणून दाखवलं, ‘एकशे चोवीस दशांश आठ, पुलापाशी.’ ती म्हणाली, ‘बरोबर.’ हे मी शपथेवर सांगेन.

काटा आठवर नेला. दोनदा हाक दिली. उत्तर नाही. वाटलं, गर्दीचा दिवस आहे, त्यांना सवड नसेल, आपल्याला बघतायत म्हणजे झालं.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. मी थांबायला हवं होतं. काटा मागे नेऊन त्या मुलीला विचारायला हवं होतं. पण पुन्हा पुन्हा विचारायचा मला वीट आला आहे. एकदा ‘काय?’ म्हटलं की लोकांचा सूर बदलतो. बाळाशी बोलल्यासारखे तुकडे तुकडे करून बोलतात. तेवढं टाळायला मी पुलावरून पुढे गेलो.

छान ऊन होतं. खाली शेतं, पाण्याची टाकी, शाळेचं मैदान. सहा-सात मिनिटं गेली असतील. अचानक माझ्या अंगावर सावली पडली. वर बघतो तर एका प्रवासी विमानाचं पोट. चाकं बाहेर काढलेली, एकेक चाक मोजता येत होतं. ते उतरायला येत होतं आणि मी त्याच्या वाटेत. त्याने नाक वर केलं आणि ते निघून गेलं. पाठोपाठ माझं विमान असं हादरलं की डोकं काचेवर आपटलं. आणि या सगळ्यात हेडफोनमध्ये चिटपाखरू नाही.

मग दिसला लाल दिवा. विमानतळाच्या मनोऱ्यावरून कोणीतरी माझ्याकडे रोखून लाल दिवा उघड-मीट करत होतं. रेडिओ बंद पडलेल्या विमानासाठी तो ठेवलेला असतो. मी वळलो आणि पूल मागे पडेपर्यंत श्वास घेतला नाही.

आमच्या धावपट्टीवर मास्तर उभे होते. मला उडायला यांनीच शिकवलं, आता सत्तरी उलटली आहे. पुढे आले, माझे दोन्ही खांदे धरले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, ‘सुतार, त्या विमानात दीडशे माणसं होती. अकरा मिनिटं ते तुला हाका मारत होते.’

मी म्हटलं, ‘मला एकही ऐकू आली नाही.’

‘तेच तर,’ मास्तर म्हणाले.

रविवार, १६ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. भांडी घासता घासता ऐकलं. मग पाठमोरीच काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, ‘इकडे तोंड करून बोल.’ वळून म्हणाली, ‘तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का, असं विचारलं.’ मी म्हटलं, ‘रेडिओ बिघडला होता.’ तिने नळ पुन्हा सोडला. नळ सोडून बोलायची ही कसली रीत?

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने माझ्या कपाळावरच्या टेंगळाला मलम लावलं.  बोट हलकं होतं. बऱ्याच दिवसांनी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पत्र आलं. चौकशी होईपर्यंत उड्डाण बंद, लायसन्स जमा करा. त्या कंट्रोलर मुलीलाही कामावरून बाजूला केलंय म्हणे.

क्लबचे सेक्रेटरी खुशीत आहेत. ‘काका, तुम्ही निश्चिंत राहा. सगळं टेपवर आहे. तुम्ही आठ म्हणालात, ती बरोबर म्हणाली. खेळ खल्लास. चूक तिच्या गळ्यात.’

मेकॅनिकने रेडिओ उघडून तपासला. ठणठणीत आहे म्हणाला. म्हणजे मुलीचीच चूक. मग मला हलकं का वाटत नाही?

सोमवार, ३ मार्च

करायला काही नाही म्हणून धावपट्टीवर गेलो आणि विमान पुसत बसलो. काचेवरचे किडे, पंखाखालचं तेल. निघताना गाडीपर्यंत चालत आलो तर मागून मास्तर धापा टाकत आले. ‘तीनदा हाक मारली तुला.’

हाक मारली असती तर ऐकू आली असती. त्यांचाही आवाज आता पूर्वीचा राहिला नाही. म्हणाले, ‘डॉक्टरांकडे जाऊन ये.’ म्हटलं, दर वर्षी जातोच. आमचे डॉक्टर जुने मित्र. समोरासमोर बसतो, छाती-रक्तदाब बघतात, गप्पा होतात. शेवटी हसत विचारतात, ‘ऐकू बिकू येतंय ना?’ मीही हसून म्हणतो, ‘सगळं येतंय.’ की शिक्का.

 मास्तर गाडीच्या टपावर दोनदा थाप मारून परत गेले.

शनिवार, ८ मार्च

तिसरा शनिवार जमिनीवर. ही वाचनालयात. दिवसभरात मी मोठ्याने उच्चारलेले शब्द मोजले. दूधवाल्याला ‘दोन’, आणि दार आपटल्यावर एक शिवी. एकूण दोन.

गुरुवार, १३ मार्च

चौकशी झाली.

लांबट खोली, लांबट टेबल. सागाचं म्हणून विकलेलं, पण वरचा पापुद्रा तेवढा सागाचा. एका बाजूला मी आणि सेक्रेटरी. समोर ती मुलगी, एकटी. सव्वीस-सत्तावीसची असेल, म्हणजे आमच्या लेकीहून लहान. हातात रुमालाची गोळी. टेबलाच्या टोकाशी चौकशी अधिकारी, सभ्य माणूस.

अधिकाऱ्यांनी टेप लावली. ‘एकशे चोवीस दशांश आठ.’ मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सेक्रेटरी टेबलाकडे बघत होते. पुन्हा लावली. आठ. तिसऱ्यांदा लावली. आठ!

अधिकारी म्हणाले, ‘कंट्रोलर सात म्हणाल्या, आणि पुलापाशी थांबा म्हणाल्या, याबद्दल वाद नाही. वैमानिकाने उलट आठ म्हटलं आणि थांबा गाळलं, ते यांनी का पकडलं नाही, एवढाच प्रश्न आहे.’

मला वाटलं हे सगळे मिळून माझी थट्टा करतायत.

मग मुलीला बोलायला सांगितलं. ती खाली बघून बोलत राहिली, मला काही कळेना. त्या क्षणी तिच्याकडे आणखी दोन विमानं होती, असं काहीतरी. एकदम तिने मान वर केली, थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मी सातच म्हणाले होते, काका.’

सात. लख्ख ऐकू आलं. तिचे दात जुळले, जीभ टेकली, आणि सात. मग तिला रडू फुटलं. रुमाल तोंडावर धरून ती तेच पुन्हा म्हणाली. आणि मला ऐकू आलं, आठ.

रुमाल खाली, सात. रुमाल वर, आठ.

 चाळीस वर्षं मी डोळ्याने ओळंबा बघत आलो. खांब कललाय हे मला कोणी सांगावं लागत नाही. आज मला माझाच खांब कललेला दिसला.

तेवढ्यात अधिकारी माझ्याकडे वळले. समोर आमच्या डॉक्टरांचा दाखला होता. ‘विचारायला हवं म्हणून विचारतो. तुम्हाला ऐकायला काही त्रास?’

मी म्हटलं, ‘नाही.’

त्यांनी जबाब पुढे सरकवला. मी सही केली. माझ्या मनासारखी आली, सरळ, शेवटी रेघ. बाहेर येताना मुलगी जिन्यात उभी होती. मी तिच्या शेजारून उतरलो. ती काही म्हणाली की नाही, देव जाणे.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी हिला म्हटलं, ‘स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहा आणि वर्तमानपत्र वाच. नेहमीच्या आवाजात.’

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ‘का’ विचारलं नाही. चष्मा घेतला, पेपर घेतला आणि आत गेली. मी बाहेरच्या खोलीत दाराकडे पाठ करून खुर्चीत बसलो.

वाट बघतोय. हिचं आपलं काहीतरी चाललेलं असणार, चष्मा पुसत असेल. मी म्हटलं, ‘कर की सुरू.’ काही नाही. दाराआड काहीतरी घरघरल्यासारखं एक-दोनदा वाटलं, तेवढंच. चिडलो. ‘अगं, ऐकतेयस ना? सुरू कर!’

शेवटी उठून दार ढकललं. ती दाराला पाठ टेकून वाचत होती. तोंड हलत होतं, गालांवरून पाणी वाहत होतं. थांबली नव्हती.

‘कधीपासून वाचतेयस?’

‘दुसरं पान संपत आलं.’

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो. किती दिवसांनी, ते आठवत नाही. जेवताना ती एका बाजूला असते आणि मी टीव्हीकडे तोंड करून. मी विचारलं, ‘तुला माहीत होतं? मला ऐकू येत नाही हे?’

‘अहो,’ ती म्हणाली, ‘मला वाटायचं, तुम्ही ऐकत नाही.’

मग बोलत गेली. मी तिच्या ओठांवरून नजर काढली नाही. म्हणाली, मागच्या महिन्यात नातीने फोनवर विचारलं होतं, ‘आजोबा, मी तुम्हाला आवडत नाही का?’ आणि मी म्हणालो होतो, ‘हो हो.’ तिने पुन्हा विचारलं, ‘खरंच नाही आवडत?’ ‘हो हो, राणी.’ पोर त्या दिवशी जेवली नाही.

मी म्हटलं, ‘आणखी आहे?’

तिने पेपरची घडी घातली. मी म्हटलं, ‘असेल तर आजच सांग.’

म्हणाली, ‘दोन वर्षांपूर्वी. तुम्ही मागच्या पडवीत कपाटाला पॉलिश करत होतात. मी दारात उभी राहून सांगितलं, काखेत गाठ लागतेय, उद्या दवाखान्यात बोलावलंय, तुकडा काढून तपासणार आहेत, येता का? तुम्ही मानही वर केली नाहीत. म्हणालात, ‘हं, जाऊन ये.’’

मला ते कपाट आठवतं. त्याची मूठ आठवते. ही दारात आल्याचं आठवत नाही.

‘मग?’

‘मग काय, जाऊन आले.’

‘आणि गाठ?’

‘साधी निघाली. आठ दिवसांनी कळलं.’

ते आठ दिवस मी घरातच होतो. तीन वेळा जेवलो असेन रोज हिच्या हातचं.

म्हटलं, ‘पुन्हा सांगायचं नाहीस का?’ ती म्हणाली, ‘असलं पुन्हा नाही सांगता येत हो.’

आज जास्त लिहवत नाही.

बुधवार, १९ मार्च

कान तपासले. काचेच्या कपाटात बसवतात, हेडफोन लावतात आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी बराच वेळ नुसता बसून होतो. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. डावीकडे बरा, मग छपराच्या उतारासारखा खाली. सगळी वखार त्या उतारावर आहे. मी कामगारांना कानात घालायला बोळे आणून द्यायचो. स्वतः कधी घातले नाहीत. मालक होतो ना.

मी सात-आठचा घोळ सांगितला. बाई म्हणाल्या, ‘उंच स्वर गेलेत. बायकांचे आवाज, मुलांचे आवाज. स आणि श तर जवळजवळ नाहीतच. सातमधला स गेला की आत उरतं, आणि डोकं आपलं आपण त्याचं आठ करून टाकतं. डोक्याला रिकामी जागा आवडत नाही.’

‘किती वर्षं झाली असतील?’

‘दहा तरी.’

लायसन्सला नऊ झाली. म्हणजे मी एकही दिवस कान शाबूत असताना उडलो नाही.

घरी येऊन अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले. पहिल्या तिन्हींत माझ्या मेहनतीबद्दल आणि अनुभवाबद्दल बरंच होतं. शेवटी असं लिहिलं: कंट्रोलर सात म्हणाल्या. मला आठ ऐकू आलं, कारण मला नीट ऐकू येत नाही. उत्तर आलं नाही तरीही मी पुलापाशी थांबलो नाही, यात त्यांचा काही संबंध नाही. आपण विचारलंत तेव्हा हे मला कळून चुकलं होतं आणि तरी मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. सोबत तपासणीचा कागद जोडला.

हिला वाचायला दिलं. तिने एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि परत दिलं. टपालपेटीपर्यंत बरोबर आली.

शुक्रवार, २१ मार्च

सेक्रेटरी घरी येऊन ओरडून गेले. ओरडल्यामुळे सगळं ऐकू आलं. ‘स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची काय हौस? क्लबचं नाव गेलं!’

दुपारी मास्तर आले. खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसले. हळू, तोंड माझ्याकडे ठेवून बोलले. ‘मला दोन वर्षं शंका होती.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘बोललो असतो तर तू उडणं सोडलं असतंस.’ थोडं थांबून म्हणाले, ‘आणि मग शनिवारी मी तिथे कोणासाठी जायचं?’

यावर मला राग यायला हवा होता. दीडशे माणसांचा प्रश्न होता. आला नाही. मी चहा टाकला. दोघांनी प्यायला.

शनिवार, ५ एप्रिल

निकाल आला. माझं लायसन्स रद्द. कानाच्या यंत्रासह सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला येता येईल, पण त्यांनी आशा दाखवलेली नाही आणि मी ती धरलेली नाही. मुलीला तीन आठवडे वरिष्ठांच्या देखरेखीखाली बसवणार, मग पूर्ववत.

मंगळवारी यंत्रं मिळाली, दोन्ही कानांत. जगात इतका गोंगाट आहे याची कल्पना नव्हती. पेपर उलगडला तर पत्रा फाटल्यासारखा वाटला. माझे स्वतःचे जोडे करकरतात. फ्रीज कण्हतो. वरच्या गृहस्थांची माफी मागून आलो. ते बिचारे म्हणाले, ‘आता फार शांत वाटतं हो, टीव्ही चालू आहे ना?’

आज त्या मुलीचा फोन आला. नंबर क्लबातून घेतला म्हणाली. मी खुर्चीत ताठ बसलो.

‘काका, ऐकू येतंय ना?’

‘येतंय. सात म्हणून दाखव.’

ती हसली. मग म्हणाली, ‘सात.’ थोडं घरघरत आलं, पण सातच.

मी म्हटलं, ‘पोरी, त्या दिवशी जिन्यात मी न बोलता गेलो. माफ कर.’

‘चूक माझीही होती, काका. तुम्ही आठ म्हणालात ते टेपवर स्पष्ट आहे. मी ते ऐकल्याशिवायच बरोबर म्हटलं. मला रोज ते आठवतं. त्या विमानाने नाक वर केलं नसतं तर…’

‘मलाही आठवतं.’

 तिच्या मागे खोलीत पंखा फिरत होता, तो ऐकू येत होता. मी विचारलं, ‘घरी कोणाला सांगितलंस का हे?’ म्हणाली, ‘नाही. इथे मी एकटीच राहते.’ म्हटलं, ‘वाटेल तेव्हा फोन कर. आता उचलला तर कळतं मला काय बोलतेस ते.’ तिने ‘हो’ म्हटलं. करेल न करेल.

शनिवार, १२ एप्रिल

लेक आणि नात येऊन गेल्या. पोर माझ्याजवळ यायला तयार नव्हती. आईच्या मागून यंत्राकडे बघत होती. मी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, ‘त्या दिवशी तू काय विचारलंस ते मला कळलं नव्हतं. आता विचार.’ तिने मान हलवली. नाही विचारलं. निघताना दारातून म्हणाली, ‘तुमच्या कानात मुंगी आहे का?’ म्हटलं, ‘आहे.’ एवढंच बोलणं झालं, पण सगळं कळलं.

विमानातला वाटा सोडला, कागदावर सही केली. चावी मास्तरांच्या हातात दिली.

रविवार, २७ एप्रिल

यंत्र आल्यावर ही बोलू लागेल असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. ती सवय मोडून गेली आहे. ती ‘भात हवा का’ विचारते, मी ‘हवा’ म्हणतो आणि पुन्हा दोघंही आपापल्या ताटात बघतो. तिचा आवाज माझ्या आठवणीतला नाही. जाडसर झालाय, शेवटाला थोडा चिरतो. तो कधी म्हातारा झाला? मी घरातच होतो.

आज दुपारी ती खिडकीशी उसवलेली उशी शिवत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. म्हटलं, ‘तो दवाखान्याचा दिवस सांग. सुरुवातीपासून.’

‘आता काय त्याचं?’

‘सांग.’

तिने दोन-तीन टाके घातले. मग सुरू झाली. सकाळी साडेआठची बस. बरोबर पाण्याची बाटली घ्यायला विसरली. दुसऱ्या मजल्यावर हिरव्या खुर्च्यांची रांग, नंबर एकोणीस. शेजारी एक बाई होती, तिचा नवरा तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. त्या बाईने हिला विचारलं, ‘तुमच्याबरोबर कोणी नाही?’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘सांगितलं, हे खाली गाडी लावतायत.’

 यंत्रातून दोरा कापडातून सरकल्याचा बारीक आवाज येत होता.

‘दीड तास झाला तरी नंबर येईना,’ ती म्हणाली. ‘त्या बाईला माझी काळजी वाटायला लागली. म्हणाली, अजून लागली नाही का गाडी? मी म्हटलं, जागा मिळत नसेल. फार सावकाश लावतात ते, कोणाला घासू नये म्हणून.’

आणि ती हसायला लागली. सुई तशीच बोटांत. हसता हसता म्हणाली, ‘मलाच खरं वाटायला लागलं होतं हो. जिन्याकडे बघत होते मी.’

मी विचारलं, ‘मग आत बोलावलं तेव्हा?’

ती हसायची थांबली. उशी बाजूला ठेवली आणि पुढचं सांगू लागली.